झेंडूखालचा मीटर

मुलगा म्हणाला, "दाब." मी हॉर्नवर पंजा दाबला आणि स्टिअरिंगचं मधलं झाकण फाटलं. आतली पांढरी पिशवी माझा हात उडवून सरळ त्याच्या तोंडावर गेली. आवाज एवढा झाला की त्यानंतर थोडा वेळ मला काहीच ऐकू आलं नाही. गाडीत पांढरी पावडर उडत होती, फटाक्याच्या दारूचा वास येत होता आणि माझं मनगट नको त्या बाजूला वळलेलं होतं. ते मी पाहिलं, पण तेव्हा दुखत नव्हतं. मुलगा सीटवर मागे पडला होता. दोन्ही हात चेहऱ्यावर, आणि उजव्या हाताच्या बोटांमधून रक्त येत होतं. पिशवी तोवर खाली बसली होती. स्टिअरिंगवरून रिकाम्या पोत्यासारखी लोंबत होती.

मला वाटलं, मी फार जोरात दाबलं म्हणून झालं. पुढचे तीन दिवस मला तसंच वाटत होतं. ते वाटणं बरं होतं म्हणायची वेळ नंतर आली.

आमचं गॅरेज खालापूरकडून कर्जतला येणाऱ्या रस्त्यावर होतं. पत्र्याची शेड, समोर दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा, मागे आमचं घर. नवऱ्यानं सुरू केलं. तो गेल्यावर मुलानं चालवलं. काम फक्त वायरिंगचं. नवऱ्याच्या वेळी ट्रक, टेंपो आणि जीपगाड्या यायच्या. मुलाच्या वेळी पळसदरी, खालापूर या बाजूला बंगले बांधलेल्या लोकांच्या गाड्या यायला लागल्या. या गाड्यांना स्टिअरिंगवरच बटणं. आवाज वाढवायचं बटण, गाणं बदलायचं बटण, फोन उचलायचं बटण. हात दोन इंच पुढे न्यायला नको म्हणून केलेली सोय. ती बिघडली की माणूस पाय मोडल्यासारखा आमच्याकडे यायचा.

ही बटणं तपासायला दोन माणसं लागतात. एकानं दाबायचं, एकानं तारा धरायच्या. मुलाला गॅरेजात माणूस ठेवणं परवडत नव्हतं आणि सुनेचा जीव गाडीत घुसमटायचा, म्हणून मी बसायची. मी चौथीपर्यंत शिकले, पोशीरच्या पलीकडे माझं माहेर आहे तिथल्या शाळेत. मीटरवरचे इंग्रजी आकडे मुलानं शिकवले. दोन दुपारी लागल्या. मग मी चुकले नाही.

काम असं असतं. त्या सगळ्या बटणांना मिळून दोनच तारा असतात. प्रत्येक बटणाच्या पोटात वेगवेगळ्या मापाचा अडथळा बसवलेला असतो. मीटरच्या दोन सुया त्या दोन तारांना लावल्या आणि बटण दाबलं की त्याचा आकडा मीटरवर येतो. आकड्यावरून गाडीला कळतं की हा माणूस आवाज वाढवतोय की गाणं बदलतोय. आकडा आला नाही किंवा हलायला लागला तर बटण खराब. आकड्याच्या जागी ओएल अशी अक्षरं आली तर तार तुटलेली. मुलगा म्हणायचा, "ओएल म्हंजे रस्ता बंद, आये."

मी डावीकडच्या सीटवर बसायची, मीटर मांडीवर. मुलगा उजव्या दाराबाहेर गुडघ्यावर बसून डोकं खाली ब्रेकच्या पायट्यापाशी घालायचा, कारण तारांचे प्लग स्टिअरिंगच्या दांड्याखाली असतात. डोळ्यांनी बघून नेमक्या तारेला सुई लावायचा. त्याला वर बघावं लागायचं नाही. आकडा मी सांगायची.

"आवाज वाढव," तो खालून म्हणायचा.

"तीनशे तीस."

"कमी कर."

"एकशे वीस. थांब, हलतोय. परत हलला."

"नीट दाब की गं."

"मी नीटच दाबते. तुझंच बटण खराब हाय."

"माझं नाय, गिऱ्हाइकाचं."

सून शेडच्या दारात तांदूळ निवडत बसलेली असायची. ती हसायची, "आई पाढे म्हणतायत आणि मास्तर खाली तोंड लपवून बसलाय."

अशी सहा वर्षं गेली. मला ते काम आवडायचं हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. आता सांगून उपयोग नाही.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं बंद असतात. सकाळी सगळी हत्यारं धुवायची, पुसायची, पाटावर लाल कापड टाकून मांडायची, हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. मग दुसऱ्या दिवशी दसऱ्याला नमस्कार करून उचलायची. मधे हात लावायचा नाही. नवऱ्याचा हा नियम कडक होता. एकदा जावयाच्या गाडीचा दिवा बंद पडला तरी त्यानं पाना उचलला नव्हता. तो गेल्यावर नियम माझ्याकडे आला. घरात दुसरं माझ्या ताब्यात फारसं काही राहिलं नव्हतं, म्हणून मी तो नवऱ्यापेक्षा घट्ट धरला. हे पण आता कळतं.

त्या वर्षी मी पाने, पक्कडी, स्क्रू ड्रायव्हर मांडले आणि मधोमध मीटर ठेवला. काचेवर कुंकू लागलं की मुलगा चिडायचा, म्हणून वरच्या कडेला टिळा लावला. वर झेंडू वाहिला. एक वस्तू मात्र भिंतीवर खिळ्यालाच राहिली. नवऱ्यानं ट्रकच्या काळात बनवलेला टेस्टर. इंडिकेटरचा मोठा बल्ब, त्याला दोन लांब तारा, एका तारेच्या टोकाला सुई, आणि चालवायला मोटरसायकलची जुनी बॅटरी. मीटर आल्यापासून तो कुणी फारसा काढला नव्हता. तो हत्यार आहे असं कुणाच्या मनातच आलं नाही, म्हणून त्याची पूजा झाली नाही.

अकराच्या सुमाराला एक गिऱ्हाईक आलं. पळसदरीच्या धरणाजवळ बंगला असलेला माणूस, आधी दोनदा येऊन गेलेला. हॉर्न बंद आणि स्टिअरिंगवरची बटणंही बंद.

"उद्या सोसायटीत गाडीची पूजा आहे," तो म्हणाला. "सगळे आपापला हॉर्न वाजवतात. मी काय तोंडानं वाजवू?"

"आज हत्यार बंद असतं साहेब," मुलगा म्हणाला. "परवा आणा, उद्या दसऱ्याची सुट्टी."

"हत्यार नका लावू हो. नुसतं बघून सांगा काय गेलंय ते. मावशी, तुम्ही सांगा ना त्याला."

"बघून कळत असतं तर मीटर कशाला घेतला असता," मी म्हणाले.

तो हसला आणि खुर्ची ओढून बसला. जाईना. मुलगा गाडीभोवती एक चक्कर मारून आला. मी त्याला ओळखते. हॉर्न आणि बटणं दोन्ही एकदम गेली म्हणजे काय गेलं असणार हे त्याच्या डोक्यात आलं होतं, आणि एकदा डोक्यात आलं की त्याला जेवण जात नाही. स्टिअरिंगच्या मागे एक चपटी तार घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. चाक फिरलं तरी ती तुटत नाही, सैल होते, घट्ट होते. हॉर्न, बटणं आणि अपघातात फुगणारी पिशवी, या सगळ्यांच्या तारा तिच्यातून जातात. त्याला ती तुटली असं वाटत होतं. त्याला तेवढं खरं की खोटं बघायचं होतं.

पाना पूजेत होता. त्यानं गिऱ्हाइकाच्या डिकीतला पाना घेतला आणि गाडीची बॅटरी सोडवली. त्या पान्याची पूजा झालेली नाही म्हणून तो चालतो, असं आम्ही सगळ्यांनी मान्य केलं. मी पण केलं. त्याच डिकीतल्या स्क्रू ड्रायव्हरनं स्टिअरिंगखालचं झाकण काढलं. मग तो पंधरा मिनिटं थांबला, कारण बॅटरी काढली तरी थोडी वीज आत शिल्लक असते आणि ती जाऊ द्यावी लागते. हा त्याचा नेहमीचा नियम होता आणि त्या दिवशीही त्यानं पाळला. चहा पिऊन झाल्यावर तो पाटाजवळ आला.

"आये, मीटर घेतो गं. लगेच ठेवतो परत."

"हात लावून बघ त्याला."

"पाच मिन्टं."

"उद्या घे. पूजा झालीय त्याची."

सून आतून म्हणाली, "घेऊ द्या ना आई. फुलं बाजूला करतील, परत वाहतील. देवी काय आकडे मोजत बसलीय काय?"

"तुझ्या माहेरी कर तसं," मी म्हणाले.

मुलानं पुढे केलेला हात मागे घेतला. एरवी तो माझं ऐकणारा नव्हता. लग्न, गॅरेजचं कर्ज, दारासमोरचं आंब्याचं झाड तोडणं, कशातच त्यानं मला विचारलं नाही. त्या दिवशी ऐकलं. बाहेरचा माणूस बसलाय, त्याच्यासमोर आईला कशाला दुखवायचं, एवढंच त्याच्या मनात असणार. तो भिंतीपाशी गेला, खिळ्यावरचा बल्ब काढला आणि माझ्यासमोर धरला.

"ह्यो चालंल काय? ह्याला तू कुंकू लावलेलं नाय."

गिऱ्हाईक हसलं. मी बल्बाकडे पाहिलं. त्यावर धूळ होती.

"चालंल," मी म्हणाले.

हा शब्द मी म्हणाले. सुनेनं ऐकला, गिऱ्हाइकानं ऐकला, मुलानं ऐकला.

तो म्हणाला, "बटणांचं ह्याच्यानं कळायचं नाय. हॉर्नचं कळंल. तू हॉर्न दाबला आणि बल्ब पेटला तर तार शाबूत." मी डावीकडच्या सीटवर बसले. मांडीवर मीटर नव्हता, त्यामुळे हातांचं काय करावं कळेना. त्यानं कोपऱ्यात चार्ज करून ठेवलेली मोटरसायकलची बॅटरी खाली पायांपाशी ठेवली आणि बल्ब स्टिअरिंगच्या वर काचेपाशी टेकवला. गाडीची बॅटरी बाहेर काढून ठेवायची आणि दुसरी आत आणायची, यातला धोका त्याला त्या वेळी दिसला नाही. मला तर दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

बल्बाचा आकडा नसतो. पेटला की विझला एवढं मी सांगितलं असतं. पण मंद पेटला की पूर्ण पेटला यावरून त्याला तारेची अवस्था कळायची, आणि ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून त्या दिवशी तो दाराबाहेर गुडघ्यावर बसला नाही. ड्रायव्हरच्या सीटवर बसला, स्टिअरिंगवर वाकून, तोंड पुढे करून, नजर बल्बावर. उजवा हात खाली घालून चाचपडत तारांना सुई लावत होता. खाली दोन प्लग शेजारीशेजारी होते. एक हॉर्नचा आणि बटणांचा. दुसरा पिवळा, पिशवीचा. पिवळ्याला कधी हात लावायचा नाही हे त्यानंच मला शिकवलं होतं. पण पिवळा रंग बोटांना कळत नाही.

मी उजवा हात लांब करून हॉर्नवर पंजा ठेवला.

"दाब," तो म्हणाला.

पुढचं मी सुरुवातीला सांगितलं आहे.

शेजारच्या विटांच्या टेंपोतून आम्हाला कर्जतला नेलं, तिथून पनवेलला. सून मागे त्याचं डोकं धरून बसली होती. टेंपो निघताना गिऱ्हाईक खिडकीशी आलं. मला वाटलं, काही विचारायचं असेल. तो म्हणाला, "मावशी, ती बॅटरी कोण लावून देईल? मला संध्याकाळपर्यंत पोचायचंय." टेंपोवाल्यानं त्याला एक शिवी दिली. ती मी इथे लिहीत नाही, पण त्या टेंपोवाल्याचा मी आजही मान ठेवते.

माझं मनगट मोडलं होतं. पट्टी बांधून दिली, वाकडं जुळलं. मुलाचा उजवा डोळा गेला. डॉक्टरांनी त्याला दोन वेळा ऑपरेशनला आत घेतलं, तिसऱ्या वेळी म्हणाले, आता नाही. त्याच बाजूचा कान अजून वाजतो.

तिसऱ्या दिवशी, मुलगा ज्याच्या हाताखाली काम शिकला होता तो पनवेलचा जुना मिस्त्री भेटायला आला. मी त्याला विचारलं, "मी लई जोरात दाबला काय रं?"

"हॉर्नचा काय संबंध नाही मावशी. सुई पिवळ्यात लागली. बॅटरीची वीज त्या बल्बातून थेट पिशवीत गेली. तुम्ही दाबला नसता तरी उडाली असती."

"मीटर असता तर?"

त्यानं मुलाच्या खाटेकडे पाहिलं. मुलगा जागा होता, पट्टी बांधलेला.

"पिवळ्याला मीटरसुद्धा लावू नये," मिस्त्री म्हणाला. "पण मीटरच्या पोटात केवढा सेल असतो? बहुतेक काही झालं नसतं. आणि मीटर असता तर हा सीटवर कशाला चढला असता? खाली बघून सुई लावली असती, आकडा तुम्ही सांगितला असता."

मुलगा एकाच डोळ्यानं छताकडे बघत राहिला.

घरी आल्यावर गावातल्या बायका भेटायला आल्या. आळीपाळीनं, चारचार जणी. प्रत्येकीचं बोलणं एकच. "नवमीला हत्यार उचललं. देवीनं दाखवलं." पाट तसाच होता, कुणी उचलला नव्हता. मीटरवरचा झेंडू सुकून काळा पडला होता. त्यांच्यातली एक, नात्यानं माझी चुलत जाऊ, माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणाली, "तू सांगितलं नाय का गं त्याला?"

मी म्हणाले, "सांगितलं. ऐकतोय कुठं."

मुलगा आतल्या खोलीत पडला होता. दार उघडं होतं. सून चहा घेऊन उभी होती, तिनं कप ठेवले आणि आत गेली. दोघांपैकी कुणीही मला त्यावरून कधी बोललं नाही. बोलले असते तर मी भांडले असते आणि विषय संपला असता. त्यांनी ती सोय मला दिली नाही.

मग ते वाक्य मी वर्षभर वापरलं. बाजारात, दवाखान्यात, लग्नात. "सांगितलं, ऐकलं नाय." मोडलेल्या मनगटाकडे बघून लोक माझ्यासाठी हळहळायचे. पोराच्या हट्टापायी म्हातारीचा हात गेला. मी त्यांना हळहळू दिलं.

मुलानं गॅरेज बंद केलं. एका डोळ्यानं लांबचं दिसतं, पण सुई तारेपासून बोटभर अलीकडे आहे की पलीकडे हे कळत नाही. त्यानं एकदा प्रयत्न केला. मी मीटर घेऊन सीटवर बसले होते. सुई तीनदा हवेतच टोचली. चौथ्यांदा त्यानं ती खाली ठेवली आणि म्हणाला, "राहू दे, आये." आता तो पळसदरीला एका बंगल्यांच्या वसाहतीत गेटवर उभा असतो. गाडी आली, हॉर्न वाजला की गेट उघडायचं.

पुढच्या नवमीला मी हत्यारं काढली नाहीत. सुनेनं काढली. धुतली, मांडली, मीटर मधोमध ठेवला. मला वाटलं, मुद्दाम करते. नंतर वाटलं, नसेलही. दुपारी जाऊ आणि आणखी दोघी प्रसादाला आल्या. मुलाची सुट्टी होती, तो उंबऱ्यावर बसला होता. जावेनं पाटाला हात जोडले आणि म्हणाली, "आता तरी आईचं ऐक रं बाबा. मागच्या वर्षी ऐकलं असतंस तर."

मुलानं मान हलवली. नुसती हलवली, हो म्हणाल्यासारखी.

मी म्हणाले, "त्यानं ऐकलं होतं."

"काय?"

"त्यानं हत्यार उचललं नाय. मीटर मागत होता, मी दिला नाय. बल्बानं कर म्हणाले. मीटर दिला असता तर डोळा राहिला असता."

सून मोरीपाशी भांडी घासत होती, तिचा हात थांबला. मी वाट बघत होते, कुणीतरी मला काहीतरी म्हणेल याची. जाऊ उठली, माझ्या पाठीवर हात फिरवला आणि मुलाकडे वळून म्हणाली, "बघ, कशी पाठीशी घालते तुला. आईचं काळीज हाय ते."

दुसऱ्या दोघींनी डोळ्यांना पदर लावला. प्रसाद घेऊन गेल्या. गावात आजही तेच सांगतात. नवमीला हत्यार उचललं, आणि म्हातारी स्वतःवर घेते. मी चारपाच जणींना परत सांगून पाहिलं. कुणी मानलं नाही. उलट माझा मान वाढला.

त्या गेल्यावर मुलगा उंबऱ्यावरून म्हणाला, "कशाला बोललीस?"

"खरं हाय म्हणून."

"एक वरीस गेलं की."

"हो."

त्यानं चपला घातल्या. "जातो. संध्याकाळी गाड्या येतात." सुट्टी होती तरी गेला.

मीटर माझ्या पेटीत आहे. आतला सेल संपला असावा, खटका फिरवला तर काही दिसत नाही. हे मी वाकड्या मनगटानं लिहिलं, त्याला बरेच दिवस लागले. त्या गाडीत आम्ही दोघं होतो, मी आणि माझा मुलगा. दोघंही जगलो.